गोलमागून दिसलेला बॉल

आबा, आज मैदानावर तुमची फार आठवण आली. आता आपल्या कोल्हापुरातल्या या पेठांच्या फुटबॉल स्पर्धेतही वादाचा निर्णय व्हिडिओ बघून देतात. तीन कॅमेरे, मांडवात एक टेबल आणि टेबलाशी मी. रेफ्री पळत येतो, मी चित्र मागं नेऊन थांबवते, तो बघतो. निर्णय त्याचा, शिव्या दोघांना. पहिल्या हाफपासून समोरची पेठ ओरडत होती, "ही तिकडचीच हाय, त्यांचं तेवढं झाकतीया!" मग आपल्या पेठेच्या पोराच्या हाताला बॉल लागलेला स्पष्ट दिसला. मी दाखवला. आपल्यावर पेनल्टी बसली, मॅच गेली. मग आपलेच मांडवाशी येऊन ओरडले, "पेठेत राहतीस न्हवं? बापावर गेलीया!" काय सांगू, मला बरं वाटलं. तुम्ही तिथं पाहिजे होतासा.

तुमच्या त्या फायनलला नेमलेला रेफ्री आलाच नव्हता. तुम्हीही रेफ्री, पण रेफ्रीला त्याच्या स्वतःच्या पेठेची मॅच कुणी देत नाही. तरी दोन्ही बाजू म्हणाल्या, "आबा हायत की, चालतंय की." तुम्हीही भोळे, गेलात शिट्टी घेऊन. आणि शेवटी शेवटी, हाताला बॉल लागला म्हणून, आपल्याच पेठेवर पेनल्टी दिलीत. मी तेव्हा कॉलेजात होते, गोलमागं उभी, सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारी. हरलो आपण. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात शिट्टी गरम पाण्यानं धुताय, दर मॅचनंतर धुवायचात तशी. आई भाकरी थापतीय. माझ्याकडं न बघता तुम्ही विचारताय, "तू गोलमागंच होतीस न्हवं? काय दिसलं तुला?" मी म्हणतेय, "छातीला लागलावता. वाट्टोळं केलंसा पेठेचं." तुम्ही एवढंच म्हणालात, "आसंल बाई." शिट्टी पुसलीत, डब्यात ठेवलीत. परत कधी काढली नाहीत.

रविवारी चहाला येणारी पेठेतली तुमची माणसं यायची थांबली. आई तरी मोठंच पातेलं चढवायची आणि तुम्ही पेपर धरून दाराकडं बघत बसायचात. त्यांच्याविना तुम्हाला करमायचं नाही, हे मला दिसत होतं. पुढं कुणी त्या मॅचचं काढलं की तुम्ही म्हणायचात, "पोरगी म्हणती छातीला लागला. चुकलं आसंल माझंच." चिडायला हवं होतंत, आबा. मला एक शिवी तरी द्यायची.

आज घरी येऊन तो डबा उघडला. शिट्टीचा दोरा विटलाय. हे पत्र पाठवायचं तरी कुठं, तिच्याच खाली घडी करून ठेवते. लोक म्हणतात, त्या वेळी व्हिडिओ असता तर आबा खरे का खोटे, याचा निकाल लागला असता. व्हिडिओ कशाला लागत होता? तुम्ही मला विचारलं होतंत. बॉल हाताला लागला होता, आबा. मी बघितलं होतं.