बाबा आणि बी-वन

३ ऑगस्ट
बाबांचे डोळे थरथरतात! एका जागी ठरतच नाहीत. एकाचे दोन दिसतात म्हणे. सकाळी भिंत धरूनही तोल गेला. पोटाच्या ऑपरेशनला महिना झाला, उलट्या काही थांबत नाहीत. मी आपली चमच्याचमच्याने ग्लुकोजचं पाणी पाजतेय — तेवढीच ताकद!

४ ऑगस्ट
वॉर्डात. डॉक्टरबाईंनी विचारलं, दारू किती घेतात? अस्सा राग आला! या माणसाने जन्मात चहाच्या पुढे मजल मारलेली नाही. मग त्यांनी महिनाभर पोटात काय गेलं ते विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात ग्लुकोजचं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. म्हणाल्या, साखर वापरायला शरीराला बी-वन जीवनसत्त्व लागतं. उलट्यांनी ते आधीच संपत आलेलं, त्यात वरून नुसती साखर. मेंदूच उपाशी राहिला.

करायला गेले एक नि झालं भलतंच. "तुमचा दोष नाही," म्हणाल्या. त्याने जास्तच रडू आलं.

शिरेतून बी-वन लगेच सुरू केलंय.

५ ऑगस्ट
डोळे ठरले! एका दिवसात! मी बोट फिरवलं, तर दोन्ही डोळे बोटामागे सरळ आले. एवढीशी बाटली, आत पाण्यासारखं औषध — आणि माणूस परत? नर्सबाई म्हणाल्या, वीस वर्षं बघतेय, अजून काटा येतो अंगावर.

९ ऑगस्ट
बाबा बोलतात. भरभरून! पण न घडलेलं. म्हणे, "तुझ्या लग्नात पाहुण्यांची सरबराई करून पाय मोडले माझे!"

बाबा माझ्या लग्नाला आलेच नव्हते. जावई पसंत नव्हता. अकरा वर्षांत त्यावर अवाक्षर नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ते खोटं बोलत नाहीत. आठवणीला भोक पडलं की मेंदू आपणहून ठिगळ लावतो. हळूहळू भरेल, किंवा नाहीही. काय अजब चीज आहे ही! आणि ठिगळ लावलं ते नेमकं इथेच?

१० ऑगस्ट
मीच विचारलं, लग्नात मग काय झालं? तासभर ऐकत बसले. बाबा बरे व्हावेत. पण हे जाऊ नये. लिहायलाही लाज वाटते.

१७ ऑगस्ट
न धरता चार पावलं!

२३ ऑगस्ट
आज तारीख, वार, सगळं बरोबर सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"मी आलो नव्हतो ना गं तुझ्या लग्नाला?"

नव्हता आलात, म्हटलं.

"यायला हवं होतं," म्हणाले.