कवळीच्या दिवसांतली गोळी

सूर्यमाळ, ता. मोखाडा
२० मे २००१

ती. दादास,
जयवंतीचा सा. नमस्कार. वि. वि.

आईला परवा नाशिकला दाखवून आणलं. जीपमध्ये माझ्या मांडीवर ओकली, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, हिच्या छातीचे ठोके एकसारखे पडत नाहीत, मध्येच अडखळतात, मध्येच धावतात. अशानं रक्त आत साकळतं आणि ती गुठळी मेंदूत गेली की अर्धं अंग जातं. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, आणि ती नीट लागू पडते का ते बघायला महिन्याला रक्त तपासायचं. खायला काय घालता असंही विचारलं. मी आपलं चाललंय ते सांगितलं, नागलीची भाकर, उडदाचं वरण, सुकट, मिरची.

शेजारच्या हिराबाईचं मात्र वेगळंच. म्हणते, लसणाच्या सात पाकळ्या उपाशीपोटी आणि वर अर्जुनसालीचा काढा, गोळीबिळी हवी कशाला? आश्रमशाळेत एक मासिक येतं, त्यातही लसूण, आलं, जवस यांनी रक्त पातळ होतं असं छापलंय. आईला गोळीपेक्षा हेच पटलंय. तू पंचायत समितीतला साहेब माणूस, चार गोष्टी वाचतोस. देऊ का सांग.

नीतावहिनींना नमस्कार. आठवण काढत जा, आम्ही रोज काढतो.

तुझी,
जयवंती


जव्हार
२९ मे २००१

चि. जयूस,
अ. उ. आ.

अगं बाई, मास्तरीण ना तू? डोकं ठिकाणावर आहे का? गोळीवर आणखी लसूण आणि काढे घातले आणि रक्त नको तेवढं पातळ झालं, तर आईचा घोळणा फुटेल आणि थांबायचा नाही. गोळी बंद करून नुसता लसूण, हे तर तोंडातूनसुद्धा काढू नकोस. हिराबाईला म्हणावं, काढा तूच पी, तुझी जीभ तरी पातळ होईल. मासिकवाले मासिक खपवायला लिहितात.

आईला नैसर्गिकच हवंय ना? मग पाऊस लागला की हिरवी भाजी घाल, पोटभर. त्यानं रक्त वाढतं, अपाय कसलाच नाही. हे माझ्याकडून लिहून घे. उन्हाळाभर सुकटीवर काढते बिचारी.

गोळी चुकवू नकोस. आईला शि. सा. नमस्कार. रागावलो म्हणून माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझा दादा,
सुदर्शन


सूर्यमाळ
२२ जुलै २००१

ती. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

साहेबांच्या हुकमाप्रमाणे लसूण बंद, काढा बंद. हिराबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, तेवढीच शांतता.

जूनमध्ये रक्त तपासलं, डॉक्टर खूश होते. या महिन्यात जमलं नाही. त्र्यंबकच्या रस्त्यावर दरड आली, जीपवाले जायला तयार नाहीत. पण गोळी एकही दिवस चुकली नाही, मी समोर उभी राहून देते.

पाड्यावर देवाला कवळीची नवी रानभाजी दाखवून झाली. आईनं तोवर नेहमीसारखं पानालाही बोट लावलं नव्हतं. आता तिला दुसरं काही दिसत नाही. सकाळी कवळी, संध्याकाळी कवळी, मध्ये टाकळा नाहीतर तेऱ्याचा पाला. भाकर कमी आणि भाजी जास्त. तुझं पत्र वाचून दाखवलंय, त्यामुळे कोणाचं ऐकत नाही. गाल भरलेत तिचे. तुला बघून बरं वाटेल.

सवड काढून ये. माया आहेच, ती पत्रातून पोचत नाही.

तुझी,
जयवंती


जव्हार
३० ऑगस्ट २००१

चि. जयवंतीस,
आशीर्वाद.

नाशिकच्या दवाखान्यातून घरी पोचलो. तीन दिवसांच्या वर रजा मिळाली नाही हे तू पाहिलंसच. आईचा उजवा हात उचलून ठेवला तर ठेवू तिथेच राहतो, हे डोळ्यांसमोरून जात नाही.

येताना स्टँडवर हिराबाईचा धाकटा भेटला. म्हणाला, आमच्या आईनं लसूण नेऊन दिला होता. मला एवढंच सांग, दिलास ना तिला? गोळी बंद केलीस ना? मी इतकं बजावून लिहिलं होतं. चौदा तारखेला सकाळी आई चुलीपुढे कोसळली ती उगाच नाही. नीता म्हणते, असं विचारू नका. मी विचारतोय.

सुदर्शन


सूर्यमाळ
९ सप्टेंबर २००१

ती. दादास,
सा. नमस्कार.

आईला मंगळवारी घरी आणलं. भरवते, पुसते, कूस बदलते, शाळेत जाते. मला रडू येत नाही. मधल्या सुट्टीत मुलं भांडतात ते ऐकू येतं आणि काही वाटत नाही.

हिराबाईनं लसूण आणला होता. मी परत पाठवला. गोळीची रिकामी पाकिटं डॉक्टरांनी माझ्याकडून मोजून घेतली, एकही चुकलेली नाही. मग त्यांनी विचारलं, या दोन महिन्यांत खाण्यात काय बदललं? मी सांगितलं. त्यांनी जूनचा रिपोर्ट काढून पुन्हा पाहिला. हिरव्या पाल्यात म्हणे रक्त गोठवणारं काही असतं, आणि ही गोळी त्याच्याच विरुद्ध काम करते. त्यांनी गोळी ठरवली ती भाकर-सुकटीवर. आईनं एकदम दोन्ही वेळ पाला सुरू केला, तिथे ती गोळी पुरली नाही. रक्त वेळेवर तपासलं असतं तर कळलं असतं, गोळी वाढवली असती. भाजी वाईट नाही म्हणाले, रोज सारखीच हवी होती.

भाजी खा असं कोणी सांगितलं, असंही विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे सगळेच खातात.

दादा, मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. लसणाचं मी तुला विचारलं. भाजीचं कोण विचारतं? आणि जुलैचं रक्त माझ्याच हातून राहिलं. पण तू विचारलंस म्हणून लिहिलं.

जयवंती


जव्हार
१९ सप्टेंबर २००१

चि. जयूस,
अ. उ. आ.

पत्र ऑफिसात पोचलं. वाचलं, खिशात ठेवलं आणि आवक-जावक लिहीत बसलो. संध्याकाळी घरी जाऊन जेवलो. जेवण गेलं, याचंच मला नवल वाटलं. नीताला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्यावर आळ घेतला, माझं चुकलं. मला माफ कर.

आईला हे सांगितलंस का? सांगितलं असेल तर ती रागावली का, ते लिही. ती बोलते का काही? पुढच्या शनिवारी यायचं ठरवतोय, पण तिच्यासमोर कोणत्या तोंडानं बसू?

तुझा,
सुदर्शन


सूर्यमाळ
२५ सप्टेंबर २००१

ती. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

आईला मी काही सांगितलेलं नाही. रागावली असती तरी कळायला मार्ग नाही. बोलते, पण एकच शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कोणाकोणाचा एखादाच शब्द उरतो. तिचा ‘सुदा’ उरलाय. पाणी हवं, सुदा. ऊन लागतंय, सुदा. हिराबाई आली तरी तिला सुदा. मलाही सुदाच.

पहिले काही दिवस मी तिला दुरुस्त करत होते, पहिलीच्या पोरांना करते तसं. जयू म्हण, आई, जयू. ती माझ्या तोंडाकडे बघायची, ओठ जुळवायची आणि सुदा म्हणायची. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आता दुरुस्त करत नाही. सुदा म्हटलं की मीच ओ देते.

शनिवारी ये. दोन दिवस तरी ओ तू दे.

तुझी,
जयू