चर्चचा बंब आणि बाजाराचा संकेत

२ मार्च
आमच्या वीज कंपनीचं वीजबाजार आणि हवामान धोरण लिहून झालं. मुख्य उद्दिष्ट माझं: ग्राहकाने दर बघून वीज वापरावी. दर म्हणजेच बाजाराचा संकेत. दुपारी सगळ्यांच्या छपरांवरच्या सोलर पॅनेलवर ऊन ओसंडतं, तेव्हा वीज जवळजवळ फुकट. सूर्य मावळला की महाग. तरी लोक संध्याकाळीच स्वयंपाक करतात. केवळ सवय. अ‍ॅडलेडच्या बैठकीत हे वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही. मोठी गोष्ट.

५ मार्च
चर्चच्या हॉलचं बिल भरमसाट आलं. बिशपांच्या ऑफिसचा निरोप: खर्च आवरा, नाहीतर हॉल विकू. कमिटीत उभा राहून शब्द दिला. हॉल आमच्या कंपनीच्या बदलत्या दराच्या प्लॅनवर टाकतो, बिल निम्मं करतो. घरी केरिनने विचारलं, मग आपलं घर का नाही टाकत? बायकोला धोरण आणि घर यांतला फरक समजावणं कठीण.

८ मार्च
द्राक्षांच्या सुगीचं आभाराचं जेवण पुढच्या रविवारी. सूचना दिल्या: मटण दुपारीच भाजायचं. हॉलचं स्वयंपाकघर मिसेस झ्वारांच्या ताब्यात. म्हणाल्या, "डॅरिल, जेवण रात्री आणि मटण दुपारी? मधल्या वेळात त्याने काय करायचं, प्रार्थना?" बायका खूप हसल्या. मी क्षमा केली.

१५ मार्च, दुपार
दर शून्याच्याही खाली! वीज वापरल्याबद्दल आपल्यालाच पैसे. सगळे ओव्हन चालू, एसी चालू. हॉल थंडगार. माणूस एकही नाही. प्रभूची कृपा आणि खुला बाजार एकत्र काम करताना पाहिले. डोळे पाणावले.

१५ मार्च, संध्याकाळ, हॉलच्या पायरीवर
अजून भट्टीसारखं तापलंय. अख्ख्या राज्याने एसी लावले, दर आभाळाला भिडला, दराचा इशारा देत माझा फोन कोकलू लागला. एसी बंद केला. ओव्हन बंद केले. मटण गार, माणसं गरम. तरी सगळे जेवत राहिले. मग चहाचा बंब बंद केला. तिथे चुकलं. आमची ल्युथरन मंडळी गार मटण देवाची इच्छा समजून गिळतात, चहावाचून मात्र बंड करतात.

पास्टर नोस्के म्हणाले, "डॅरिल, प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. तू निदान गरम तरी कर."

मिसेस झ्वारांनी बंब चालू केला. म्हणाल्या, "आता बटणाला हात लाव, बोटं मोडते." मग कोणी एसी लावला, कोणी ओव्हन. अडाणीपणा. म्हणून बाहेर बसलोय.

१६ मार्च
साहेबीण फिओनाचा फोन. कालच्या त्या संध्याकाळी आमच्या गॅसवरच्या वीज प्रकल्पाने महिन्याची कमाई केली. म्हणाली, "डॅरिल, संकेत काम करतो रे! असे अजून दोनचार उकाडे पडू देत." म्हणजे धोरण बरोबरच होतं. संकेत फक्त आमच्याच कंपनीला नीट ऐकू आला.

२२ मार्च
एका संध्याकाळने दुपारची सगळी बचत खाल्ली, वर महिन्याच्या बिलाएवढा भुर्दंड. कमिटी बसली. मिसेस झ्वारांचा ठराव: हॉल दुसऱ्या कंपनीच्या ठरलेल्या दरावर न्यायचा, भुर्दंड केक विकून फेडायचा, हॉल विकायचा नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. कडाडून विरोध करणार होतो. पास्टरनी विचारलं, विरोधात कोण? मी योग्य शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ते पुढे गेले. बाजूने कोण? सगळे हात वर. केरिनचे तर दोन्ही.

ठराव एकमताने मंजूर.

पास्टर म्हणाले, "झालं मोजून, डॅरिल. आता खाली घे हात."