मुऱ्हाळी आला नाही

दोंडाईचा,
ता. १४ मे १९५४

ती. सौ. अक्कास,
अभिमनचा साष्टांग नमस्कार.

आबांचा खोकला उतरला. लाल गाय व्याली, कालवड झाली. सावद्याला केळीला पाणी पुरतंय ना? भाऊजींना नमस्कार सांग.

अभिमनला ताप होता म्हणून तो मुऱ्हाळी होऊन तुला आखाजीच्या सणाला माहेरी न्यायला आला नाही, असं आबांनी कळवलं असेल. ताप नव्हता.

जळगावचं कॉलेज मी कुणापायी सोडलं, ते तुला ठाऊक आहे. गेल्या आखाजीला मंजुळा झोक्यावरून माझ्याकडे बघून हसली, तेवढ्यावर. माघात तिचं लग्न झालं. या आखाजीला ती माहेरी आली आणि मी धरून चाललो, ही नवऱ्याला सोडून आली, माझ्यासाठी. तू दर वर्षी येतेस, तरी मला हे सुचलं.

सण होईतो तिच्या झोक्याच्या निंबाखाली उभा होतो. तिचा दीर न्यायला आला, तेव्हा मी बैलांची वेसण धरली. म्हणालो, "ही जाणार नाही." त्याने चाबूक उचलला. मंजुळाच गाडीतून उतरली आणि गल्लीदेखत म्हणाली, "आखाजीले बठ्ठ्या पोरी माहेर येतस रे दादा. तुन्ही बहीणले लई उना का तू?" तुला आणलं का, एवढंच तिने विचारलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सरांनी वर्गात भ्रमनिरास हा शब्द फोडून सांगितला होता. भ्रम म्हणजे गरगर फिरणं, निरास म्हणजे बाहेर फेकणं. निराशेचा त्यात संबंध नाही, उलट डोकं ठिकाणावर येतं. मला तो फार आवडला, कवितांत घालत सुटलो. कळला तो त्या गल्लीत.

माझा भ्रम गेला, चांगलंच झालं. पण काल स्टेशनात तुमच्या सावद्याचे केळीवाले झुलालभाऊ भेटले. म्हणाले, "तुझी बहीण गाठोडं बांधून ओट्यावर बसायची. सासू म्हणायची, आत ये, कोणी येत नाही. ती म्हणायची, माझा भाऊ चुकायचा नाही."

तुझा तो भ्रम नव्हता, अक्का. मी त्याचा भ्रम केला.

आखाजी गेली, झोके उतरले. तरी सोमवारच्या गाडीने येतो. सासूबाई बोलतील ते ओट्याखाली उभा राहून ऐकेन. तू निघालीस तर घेऊन येईन. नाही निघालीस तर आखाजीचं लुगडं ठेवून परतेन, तुला काही विचारणार नाही.

तुझा, सण सरल्यावर निघालेला मुऱ्हाळी,
अभिमन