वर ठेवलेला आवाज

३ एप्रिल, शुक्रवार
ऑपरेशन बावीस तारखेला, पुण्यात. डॉक्टरांनी आबांसमोरच सांगितलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जेवता येईल, श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून. बोलता येणार नाही. आबांनी मान डोलवली, दुसऱ्या कुणाच्या बैलाबद्दल ऐकावं तशी.
बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "म्हंजे औंदाच्या यात्रा बुडाल्या."
परत येताना एसटी स्टँडवर एकाने मागून आवाज ऐकून आबांना ओळखलं. "राव, बैलगाडा शर्यतीच्या घाटात माइकवर तुमीच ना? मी खोडदचा. तुमी गाड्याची बारी पुकारली की आमचा म्हातारा घरी बसून सेकंद मोजायचा." आबा त्याच्याशी गाडी येईपर्यंत बोलत राहिले. गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती.

५ एप्रिल, रविवार
स्पीच थेरपिस्ट मॅडमनी दिलेले दोन्ही पर्याय नीट वाचले.
एक, गळ्याला टेकवायचं छोटं यंत्र. बॅटरीवर चालतं, नेट लागत नाही. आवाज एकसुरी. नमुना ऐकवला. आबा: "मोटरला पानी चढत नसलं की असंच घुरघुरतंय."
दोन, ऑपरेशनआधी आबांनी वाक्यं वाचायची. एक कंपनी त्यातून त्यांचाच आवाज बनवते. नंतर पडद्यावर टाइप केलं की आबांच्या आवाजात ऐकू येतं. फक्त तो आवाज आपल्याकडे नसतो, त्यांच्या सर्व्हरवर असतो.
माझा लॅपटॉपही त्याच जातीचा. आत जागा नावापुरती, कामं आणि फाइली सगळ्या वर, म्हणजे नेटवरच्या सर्व्हरवर. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करताना त्याचं काही अडलं नाही. इथे शिनोलीच्या पुढे, आमच्या वस्तीवर, वीज गेली की थोड्या वेळाने टॉवर जातो.
म्हणजे नेट नसेल तेव्हा आबा मुके. हा शब्द खोडावासा वाटला. बरोबर आहे, राहू दे.

७ एप्रिल, मंगळवार
रेकॉर्डिंग सुरू. नेट चांगलं होतं, दुपारपर्यंतचं सगळं वर गेलं.
वाक्यं कंपनीची. "आज हवामान प्रसन्न आहे." "कृपया रांगेत उभे राहा."
आबा: "असं कोन बोलतं गं, रेश्मे? कलेक्टर?"
प्रत्येक वाक्याचा शेवट ते उचलून लांबवतात, गाडा घाट चढून आल्यासारखा. पडद्यावर परत परत तांबडी सूचना, आवाज फार मोठा आहे.
आई भाकरी थापता थापता: "चाळीस वर्सं आमी सोसला. त्याला एक दिवस सोसंना."
आबा इतके हसले की खोकला आला. मग थांबवलं.

९ एप्रिल, गुरुवार
काल वळीव. टॉवर बंद. तरी रेकॉ. चालू ठेवलं. नेट नसताना लॅपटॉप तुकडे तात्पुरते स्वतःजवळ ठेवतो, नेट आलं की वर पाठवतो. प्रत्येक वाक्यापुढे टिक येते.
आबांनी विचारलं, "टिक आली म्हंजे जमा?"
मी "हो" म्हणाले. अचूक उत्तर "अजून नाही" होतं. ते वाचायच्या लयीत होते, मध्येच...
आज चांगलं वाचलं. सावकाश, घरातल्या आवाजात. आईला हाक मारताना असतो तसा. हाच आवाज हवा होता.
उद्या-परवा पुण्याला, स्कॅनचे रिपोर्ट आणायला. लॅपटॉप नेत नाही, एसटीच्या गर्दीत नको. रविवारी घोडेगावला जाऊन सगळं वर पाठवेन.

११ एप्रिल, शनिवार
संध्याकाळी परत आले. घरी फक्त आई. आबा शेजारच्या गावच्या यात्रेला गेलेले. लॅपटॉपही.
यात्रा कमिटीचे संपतभाऊ सकाळी आले होते. शर्यत लाइव्ह दाखवायची होती, त्यांचा कॅमेरा ऐन वेळी बिघडला. आई म्हणाली, "कमिटीला न्हाई कसं म्हनायचं? देवाचं काम."
आणि आबांना न्यायलाही तेच आले होते. डॉक्टरांनी जोरात बोलायला मनाई केली आहे, हे संपतभाऊंना माहीत नव्हतं. आबांना माहीत होतं.
आबा अंधार पडता पडता आले. कपाळावर भंडारा, गळ्यात हार, खांद्याला फेटा. मला बघून हाताने खूण केली, पाणी. बोलता येत नव्हतं.

१२ एप्रिल, रविवार
काय झालं ते क्रमाने लिहिते.
घाटात गर्दीमुळे नेट चाललं नाही. लाइव्ह गेलं नाही. व्हिडिओ दिवसभर लॅपटॉपमध्येच साठत राहिला. जागा संपली. जागा संपली की हा लॅपटॉप आतल्या तात्पुरत्या गोष्टी स्वतःहून काढून टाकतो. त्याचं गृहीत असं की त्या वर आहेतच, पुन्हा आणता येतील.
बुधवारचं आणि गुरुवारचं रेकॉ. वर नव्हतं.
घोडेगावला नेटवर बसून तीनदा तपासलं. फक्त मंगळवारचं आहे. मोठ्याने वाचलेलं, "कृपया रांगेत उभे राहा" वालं.
जागा खाल्ली त्या व्हिडिओत दिवसभर आबाच बोलतात. मागे हलगी, शिट्ट्या, चार माणसं एकदम ओरडताहेत. पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. पूर्ण पाहिला नाही.

१३ एप्रिल, सोमवार
संपतभाऊ आले. ओट्यावर बसेनात. "आमाला काय ठावं, ताई. आमी नुस्तं चालू क्येलं."
त्यांची चूक नाही, असं मी म्हणाले. खरंच नाही.
आबांनी पाटीवर लिहिलं (परवापासून पाटी घेतली आहे): पयला कोन आला?
संपतभाऊंनी सांगितलं. आबांनी लिहिलं: सेकंद?
तेही सांगितलं. मग दोघं जरा मोकळे झाले. मी आत गेले.

१५ एप्रिल, बुधवार
मॅडमना फोन. व्हिडिओतून आवाज वेगळा काढणं जवळपास अशक्य. पुन्हा रेकॉ. करायचं तर आवाज बसला आहे, सूजही आहे. डॉक्टरांचा निरोप: ऑपरेशनपर्यंत अगदी गरजेपुरतंच बोलायचं.
मंगळवारचं कंपनीला पाठवून पाहिलं. उत्तर आलं: किमान गरज पूर्ण. दर्जा मध्यम.
म्हणजे होईल. घाटातले आबा होतील, घरातले नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार
आवाज बनवायला घेण्याआधी कंपनीला आणखी एक गोष्ट हवी आहे. ज्याचा आवाज, त्याने स्वतः परवानगीचं वाक्य मोठ्याने वाचायचं. सही चालत नाही. दुसऱ्याने वाचलं तर जुळत नाही.
वाक्य असं: "मी माझा आवाज तयार करण्यास, साठवण्यास आणि सेवा सुरू असेपर्यंत वापरण्यास परवानगी देत आहे."
डॉक्टरांना विचारलं. एक वाक्य चालेल. एकदाच.
आबांनी वाक्य वाचलं, मनात. 'सेवा सुरू असेपर्यंत' वर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.
"म्हणजे कंपनी चालेल तोपर्यंत," मी म्हणाले.
पाटीवर: मंग?
"मग आवाज बंद."

१८ एप्रिल, शनिवार
आईचं मत यंत्राच्या बाजूने. "घुरघुरू दे. रानात बिबट्या आला तर ह्ये काय टाइप करत बसनार?"
आबांनी लिहिलं: घुरघुर आयकून बिबट्याच पळल. आई हसली नाही.
नंतर आबांनी मला एकटीला बोलावून घेतलं. घाटात सेकंद आबा पुकारतात, पण घड्याळ त्यांच्याकडे नसतं. ते तिसऱ्या गावचा माणूस धरतो, सगळ्यांच्या समोर बसून. गाडामालकाला पटलं नाही तर तो त्याच्याकडे जाऊन भांडतो. लहानपणी मी ही भांडणं पाहिली आहेत.
पाटीवर लिहिलं होतं: तिकडं कंपनीत घड्याळ कोन धरतं?
मी कंपनीचं पान उघडलं. तक्रारीसाठी एक चौकट आहे. त्यात लिहायचं, उत्तर येतं. कुणाचं, ते नाव नसतं.
आबांना तसंच सांगितलं. त्यांनी पाटी पुसली.

२० एप्रिल, सोमवार
पुण्यात, हॉस्पिटलमध्ये दाखल. पलंग खिडकीपाशी. इथे नेट पूर्ण.
दोन्ही बाजू मांडून पाहते आहे. त्यांचे सर्व्हर माझ्या लॅपटॉपसारखे नाहीत, एकच गोष्ट अनेक ठिकाणी जपतात. आमच्या घरातली कुठलीही वस्तू इतकी सांभाळली जात नाही. हे खरं. आणि ज्या दिवशी ते ठरवतील की पुरे, त्या दिवशी आम्हाला फक्त ईमेल येईल. हेही खरं. माझं शिक्षण यातल्या कुठल्याही एका वाक्याला खोटं ठरवत नाही.
यंत्रही घ्यायचं, असं डॉक्टरांशी ठरलं. त्यावर वाद नाही. वाद परवानगीच्या त्या एका वाक्याचा आहे. ते उद्यानंतर वाचता येणार नाही.
शेजारच्या पलंगावरचा माणूस गळ्याच्या पट्टीला हात लावून आबांकडे बघून हसला. आबांनी त्याला नमस्कार केला.

२१ एप्रिल, मंगळवार
आई खाली चहाला गेली आहे. सिस्टर येऊन सांगून गेल्या, उद्या पहिला नंबर.
लॅपटॉप आबांच्या मांडीवर. वाक्य पडद्यावर आहे, खाली माइकचं चिन्ह. आबांनी पाण्याचे दोन घोट घेतले, घसा साफ केला. पाटी बाजूला ठेवली.
आणि बोलले. बसलेला, पण त्यांचाच आवाज. "तू सांग, रेश्मे. तुज्या कामातलं हाय. भरवसा ठिवायचा का?"
मी म्हणाले, "एक मिनिट." आणि वही उघडली.
त्यांना वाटतंय मी काहीतरी तपासते आहे. तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. मी 'हो' म्हटलं तर ते लगेच वाचतील. 'नाही' म्हटलं तर लॅपटॉप मिटतील, आणि पुन्हा कधी विचारणार नाहीत.
वही मिटते. ते बघत आहेत.