गुलाबरावांच्या मागे मागे

तीर्थरूप रामकृष्ण भाऊजींना,

रायपूरहून दिवाकरचा वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरच मानून घ्यावं, कंबर धरली आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईचा खोकला गेला, की वर्ध्याच्या हवेत त्याचं अजून मन रमलंय? आम्ही इकडे बरे. राज्य नवं, राजधानी नवी. आमच्या बुढापारा मोहल्ल्याच्या गल्लीतसुद्धा आता लाल दिव्याच्या गाड्या शिरतात आणि भाजीच्या ठेल्यामागे मुकाट उभ्या राहतात. पत्राला उशीर झाला, त्याचं कारण मोठं आहे. सुरुवात मात्र अगदी फालतू गोष्टीपासून झाली.

डॉक्टरांनी मला सकाळी चालायला सांगितलं. पद्मिनीनं लगेच कुठल्याशा मासिकातून वाचून दाखवलं, की रोजच्या लहानसहान निर्णयांनी आयुष्य बदलतं. मी म्हटलं, सरकारनं अख्खं राज्य वेगळं केलं तरी ऑफिसात माझं टेबल खिडकीपाशी सरकलं नाही, बूट घालून चालल्यानं काय होणार? (ती हसली नाही.) शेवटी कापडी बूट चढवले आणि बुढा तलावाला फेरी मारू लागलो. मी उजवीकडून निघायचो आणि आमचे शेजारी गुलाबराव नेमके डावीकडून. तुम्हाला ठाऊक आहेच, त्यांच्या शेवग्याची फांदी आमच्या अंगणात आली आणि मी ती छाटली, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. आता दर फेरीत हे समोरून येणार! ते आभाळ बघायचे, मी पाणी बघायचो. माझी तर मान अवघडली. म्हणून एका सकाळी मी फाटकातून निघालो तो डावीकडेच वळलो. म्हटलं, तोंड बघायलाच नको.

तोंड दिसेना, पण पाठ दिसू लागली. मी पाठलाग करतोय असं वाटून त्यांनी वेग वाढवला. मागे पडणं म्हणजे हार, म्हणून मीही वाढवला. लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले. आमच्या परागला मित्रांनी विचारलं असावं, कारण तो घरी येऊन म्हणाला, "पापा, आप लोग रेस लगाते हो क्या?" (पोट्ट्याला मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते.)

मागच्या महिन्यात कडाक्याची थंडी होती. चालता चालता गुलाबराव एकदम कठडा धरून थांबले. मला वाटलं, मला पुढे काढायचा डाव आहे. मी ताठ मानेनं पुढे गेलोही. मग काय वाटलं कोण जाणे, वळून पाहिलं. एवढ्या थंडीत माणसाच्या कपाळावरून घामाच्या धारा!

"काहून थांबले, गुलाबराव?" इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य.

"काही नाही. गॅस झाला. जा तुम्ही."

मी गेलो नाही. हात धरून रिक्षात बसवलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "कहाँ जाबो भैया?" ते म्हणाले घर, मी म्हणालो दवाखाना. रिक्षा चालू लागली तरी आमचं तेच चालू. शेवटी मी असा ओरडलो, की रिक्षावाल्यानं पुन्हा विचारलंच नाही. गॅस नव्हता, भाऊजी. हृदयाचा झटका होता. घरी नेलं असतं तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पत्नी मीरावहिनी धावत आल्या तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट तीनतीनदा सांगत सुटलो. त्यांनीच मला पाणी दिलं.

शुद्धीवर आल्यावर गुलाबराव मला बघून म्हणाले, "इतके दिवस मागं मागं येऊन राहिले होते, पुढं काहून नाही गेले?"

म्हटलं, "दम लागते न बाप्पा!"

ते हसायला लागले, तशी नर्सनं मला बाहेर काढलं. आता ते घरी आहेत, हळूहळू चालतात, आणि एकट्यानं चालायचं नाही असा हुकूम असल्यानं सोबत मी.

ताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दिवाकर

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. गुलाबरावांनी इतक्या वर्षांचं साचलेलं बोलणं माझ्यावर काढायला घेतलं आहे. उजाडायच्या आत बेल वाजवतात, माझ्या चहातली साखर बघतात, माझ्या चालीला नावं ठेवतात. कृपा करून "ताबडतोब वर्ध्याला या" असं एक कडक पत्र मला पाठवा. कारण काहीही लिहा.

ता. क. दुसरा, पद्मिनीच्या हातचा : भाऊजी, हे पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. गुलाबराव दोन दिवस लेकीकडे भिलाईला गेले होते, तर हे बूट घालून फाटकापाशी नुसतेच उभे राहायचे. चहासुद्धा गोड लागेना. तेव्हा बोलवायचंच असेल तर दोघांनाही बोलवा.