हानाएला बोटीवरून कोणी उतरवायचं नाही

आधी हे लिहून टाकते, कायद्याचं मागाहून. दोन मोठी माणसं, एक पन्नाशीचा आणि एक चाळिशीचा, माझ्या नवऱ्याच्या दफनानंतरच्या जेवणात एका जपानी व्हिडिओ गेममधल्या बाईवरून भांडली, पिएरोगीचं, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्यांचं, ताट भिंतीवर गेलं, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एकमेकांशी बोललेली नाहीत. एक मंगळवारी दुकानात येतो, दुसरा शुक्रवारी. दोघंही मलाच विचारतात, "तो काय म्हणत होता?" मी काय यांची टपालपेटी आहे? मला कॅन्सर झालाय, यांना अबोला झालाय. माझ्यावर निदान औषध तरी चालू आहे.

आता कायद्याचं. मी, डार्लीन कुबियाक, वय अठ्ठावन्न, राहणार ईरी, पेनसिल्व्हेनिया, नववीत शाळा सोडलेली, डोकं जागेवर असताना हे माझ्या हाताने लिहिते आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. भरीस घालणारा एकच होता, स्टॅन, आणि तो अडीच वर्षांपूर्वी गेला. याआधी मी काही लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही. वकीलबाईंनी नमुना दिला होता. त्यातली वाक्यं वाचताना मला धाप लागली, म्हणून तिथे माझी घातली आहेत.

कलम एक. राहतं घर, आतल्या सामानासकट, माझी बहीण यव्हॉन हिला. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही तिचंच. माझ्या लग्नात ही म्हणाली होती, "व्हॅक्यूम दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करून आयुष्यभर दुसऱ्यांची धूळ झाडत बस." त्याच माणसाने बांधलेल्या ओट्यावर तिने आता खुशाल बसावं, तळ्याचा वारा खावा, आणि त्याला एकदा तरी बरं म्हणावं. पडदे तिला आवडत नाहीत. काढून टाक बाई, मला बघायचं नाहीये.

कलम दोन. गाडी यव्हॉनच्या मुलीला. तिला बर्फात चालवता येते. यव्हॉनला येत नाही, तिने किल्ली मागायची नाही. बँकेत जे आहे ते इस्पितळ आणि दफन यांत जाईल. उरलंच तर तेही यव्हॉनला, पण तिने आशेवर राहू नये.

कलम तीन. माझ्या दफनाच्या जेवणात पिएरोगी करायचे, बटाट्याचे आणि कोबीचे. भाषण कोणीही करायचं नाही. कोणत्याही गेमचा दाखला तर अजिबात द्यायचा नाही. का, ते पुढे येतंच.

कलम चार. दुकान. पाटीवर अजून 'कुबियाक व्हॅक्यूम' असंच आहे. लोक व्हॅक्यूमबरोबर पोरांचे बिघडलेले गेमही आणायचे. स्टॅन म्हणायचा, "यालाही मोटर आहे, त्यालाही बटण आहे, घे ठेवून." ठेवता ठेवता व्हॅक्यूम कोपऱ्यात गेले आणि भिंतीभर जुन्या गेमच्या कॅसेट आल्या. मग एक सोफा आला. सोफा आणला ती चूक झाली, कारण त्यावर लेनी आणि टोबिन येऊन बसले.

लेनी कुबियाक माझा धाकटा दीर. कागद कारखान्यात होता, तो बंद पडल्यापासून आमच्याकडे दुरुस्तीला; भांडणानंतर आठवड्यातून एकच दिवस. टोबिन आख्टरबर्ग हा कॉलेजात शिकत असताना एक कॅसेट बदलून घ्यायला आला तो परत गेलाच नाही. आता स्वतः कॉलेजात शिकवतो, तरी घरी जायचं नाव नाही.

या दोघांचं भांडण एकाच गेमवर, 'सात घंटांचं बंदर'. तुम्ही एक बोट घेऊन सात बंदरांना जायचं आणि प्रत्येक ठिकाणची घंटा वाजवायची, अशी गोष्ट आहे. बोट चालवते हानाए नावाची बाई. ती सगळ्यात दणकट, म्हणून जो तो चांगली हत्यारं, चिलखत, औषधं तिच्याकडे देतो. पाचव्या बंदरावर ती म्हणते, "मला एक काम आहे. तुम्ही पुढे व्हा." आणि उतरते. सगळ्या सामानासकट. पुन्हा गेममध्ये तिचा पत्ता नाही.

"आळस! निव्वळ आळस!" लेनी ओरडायचा. "कॅसेटमधली जागा संपली, लिहिणाऱ्याला घरी जायची घाई होती, दिली बाईला हाकलून. माझी चांगली तलवार गेली की!"

"तुला तलवारीचंच पडलंय," टोबिन म्हणायचा. "माणसं अशीच जातात, लेनी. कारण न सांगता. त्यांनी ते मुद्दाम तसं ठेवलंय."

"मुद्दाम? मग सहाव्या बंदरावरचा बेडूक ती बोटीवर असल्यासारखा बोलतो, तेपण मुद्दाम?"

"बेडकाची चूक आहे, मान्य."

"वहिनी, ऐकलंस का? मास्तरने बेडूक मान्य केला!"

मी म्हणायचे, दोघांनी पाय उचला, झाडायचंय.

स्टॅन कोणाच्याच बाजूने नव्हता. तो पाचव्या बंदराच्या अलीकडे थांबला होता. बोट भरलेली, हानाए सुकाणूवर, तिथेच त्याने गेम साठवून ठेवला आणि पुढे खेळलाच नाही. लेनी चिडवायचा, "दादा, घाबरतोस काय, एकदाच उतरव ना तिला." स्टॅन म्हणायचा, "ती माझ्या बोटीवर आहे. बरी आहे. तुमचं चालू द्या."

मग स्टॅन गेला. सकाळी दुकानाचं दार उघडताना, उभ्या उभ्या. जेवणाच्या वेळी टोबिन बोलायला उठला. भलं बोलायला गेला, हे मी शपथेवर सांगते. म्हणाला, "स्टॅन हानाएसारखा गेला. सामान घेऊन, काही न सांगता. आणि यालाच मी खरी गोष्ट म्हणतो." लेनी ताडकन उठला. "माझा भाऊ कुठल्या आळशी लेखकाची चूक नाहीये," म्हणाला, आणि हातातलं ताट फेकलं. जे एका सोफ्यावर अर्धं आयुष्य गेमवर बोलले, त्यांना मेलेल्या माणसाबद्दलही तेवढंच बोलता आलं. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना.

कलम पाच. ती कॅसेट. तिच्यात गेम साठवायच्या तीन जागा आहेत, एकीवर स्टॅनची बोट आहे. साठवलेला गेम तिच्यात एका बटणाएवढ्या बॅटरीवर जिवंत राहतो. बॅटरी संपली की स्टॅनची बोट गेली. गेल्या महिन्यात लावली तेव्हा त्याची जागा रिकामी दिसली. पुसून पुन्हा लावली, तेव्हा आली. मी दुकानात बसून रडले, हे कोणाला सांगायचं नव्हतं, पण आता लिहिलंच आहे. टोबिनचं नक्कल करायचं यंत्र बाकी सगळ्या कॅसेट वाचतं, हीच वाचत नाही. (याचा लेनीला पूर्वी फार आनंद झाला होता.) म्हणजे बॅटरीच बदलायला हवी, आणि वीज क्षणभरही न तोडता. एकाने दुसऱ्या बॅटरीच्या तारा नेमक्या जागी धरायच्या, दुसऱ्याने जुनी काढून नवीला डाख द्यायचा. चिमटे लावून एकट्याने करता येतं म्हणे. लेनीने तसं एका गिऱ्हाइकाचं केलं होतं, चिमटा निसटला, गिऱ्हाईक अजून रस्ता बदलतं. म्हणून चिमटे नकोत. तारा धरायला माझे हात नाहीत, औषधाने बोटांतली जाणीव गेली आहे. हलणार नाहीत असे हात मला दोघांचेच माहीत आहेत.

आणखी एक. औषध घेऊन आलं की मला दुसरं काही करणं होत नाही, म्हणून या उन्हाळ्यात मी तो गेम स्वतः खेळले. स्टॅनच्या जागेला हात न लावता, तिसऱ्या जागेवर, पहिल्यापासून. पाचव्या बंदराआधी मी हानाएकडून तलवार, चिलखत, सगळं काढून घेतलं. जाणाऱ्या बाईला काय करायचंय. तरी ती गेलीच, तेच वाक्य बोलून, रिकाम्या हाताने. त्याचा मला राग आला नाही. राग आला तो बोटीवर उरलेल्यांचा. पुढच्याच प्रसंगात ते मासे भाजून खातात, हवेवर बोलतात. तिचं नाव एकजण काढत नाही. लेनी, टोबिन, तुम्ही इतकी वर्षं तिच्या जाण्यावर भांडलात, पण हे दोघांनाही दिसलं नाही. आणि स्टॅन गेल्यावर तुम्ही तेच केलंत. दोघं वेगवेगळ्या दिवशी येता, माझ्याशी बर्फावर बोलता.

मी दमले आहे. मला तुमची गळाभेट बघायची हौस नाही. भांडा, पण एका सोफ्यावर बसून भांडा, आणि त्याचं नाव घेऊन. मग माझंही घ्या.

म्हणून अट अशी. दोघांनी मिळून, माझ्या डोळ्यांसमोर, ती बॅटरी बदलली तर दुकान, माल, दुरुस्तीची हत्यारं, सोफा आणि ती कॅसेट दोघांना मिळून, वाटणी न करता. स्टॅनची बोट मात्र जिथे आहे तिथेच राहील. हात हलला आणि बोट गेली, तरी दुकान तुमचंच. एकत्र बसलात, माझं तेवढ्यावर भागेल. बसला नाहीत तर सगळा माल पिट्सबर्गच्या त्या व्यापाऱ्याला जाईल, जो कॅसेट काचेच्या डबीत बंद करून ठेवतो आणि कोणाला खेळू देत नाही. आणि स्टॅनची कॅसेट माझ्याबरोबर पेटीत जाईल. मग तुमचं तुम्ही बघा.

हे मी दोन साक्षीदारांसमोर वाचून सही केलं. दोघांना यातलं काही मिळणार नाही, दोघांनी तशी तक्रारही केली.

सही: डार्लीन कुबियाक

साक्षीदार: सेनादा हॉजिच, शेजारची लाँड्री
साक्षीदार: वॉल्टर ग्रब, न्हावी

ईरी, पेनसिल्व्हेनिया, ९ नोव्हेंबर २०१९

याची एकेक प्रत लेनी आणि टोबिन यांना आजच टपालाने जात आहे. मी मेल्यावर उघडायची नाही, आत्ता वाचायची. बॅटरी आणून ठेवली आहे, टेबल मोकळं केलं आहे. शनिवार, २३ नोव्हेंबर, दुकान बंद व्हायच्या आत मला उत्तर हवं. फोनवर नको, चिठ्ठीवर नको. कोण तारा धरणार आणि कोण डाख देणार, ते आधी एकमेकांना विचारा, आणि दोघं मिळून येऊन मला सांगा.